सुभेदारांचं गाणारं खोकं

विजेवर चालणारं संगीत मी पहिल्यांदा ऐकलं ते सांगलीत, गणपतीतल्या एका ऑर्केस्ट्रात. बेलबॉटम घातलेला एक माणूस टेबलाएवढ्या ऑर्गनपुढं उभा राहून वाजवत होता. उभा राहून! आम्ही पेटीवाले मांडी घालून, पाठीला बाक आणून, एका हातानं भाता हलवत वाजवणारी माणसं. ह्याला भाता नाही, घाम नाही, दोन्ही हात मोकळे. निवेदक ओरडायचा, "आता ऐका बासरी!" की ह्यानं एक बटण दाबलं. "आता ऐका व्हायोलिन!" की दुसरं. मला दोन्ही वेळा सर्दी झालेला एकच माणूस ऐकू आला, पण मंडप टाळ्यांनी दणाणला. मी हार्मोनियमच्या दोन परीक्षा पास झालेला माणूस होतो. मला त्या प्रकाराचा मनापासून राग आला आणि तेवढाच हेवाही वाटला.

मग ही साथ पसरतच गेली. तमाशाच्या फडात ढोलकीशेजारी इलेक्ट्रिक गिटार आली. लग्नाच्या बँडवाल्यांनी हातगाडीवर बॅटरी, कर्णा आणि हातभर लांबीचं एक पट्ट्यांचं यंत्र चढवलं. शिराळ्याच्या नागपंचमीला मी असल्याच एका बँडला त्या यंत्रावर पुंगी वाजवताना ऐकलं. समोर मडक्यातून काढलेले खरेखुरे नाग फणा काढून बसलेले. नागाला बाहेरून कान नसतात हे मी दरवर्षी चौथीच्या वर्गाला शिकवत होतो, आणि ते नागही माझ्या शिकवण्याचा मान राखून ढिम्म होते. त्यांच्याऐवजी चांगली मिशाळ माणसं हातरुमाल दातात धरून रस्त्यावर लोळत होती. विजेची पुंगी माणसांना चढते, नागांना नाही, एवढा शोध लावून मी एसटीनं परत आलो.

माझी नोकरी प्राथमिक शाळेत, कृष्णाकाठच्या एका गावी. मी मूळचा वाईचा. गावात पेटी वाजवणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून भजनी मंडळात मला पहिल्या आठवड्यातच जागा मिळाली. पेटी माझी स्वतःची होती, मिरजेहून दुरुस्त करून आणलेली. तिथल्या कारागिरानं सूर मिळवताना मला एक गोष्ट दाखवली होती. दोन स्वर जवळजवळ सारखे असले पण नेमके जुळले नसले, की आवाजात एक लहर उठते, वाँव-वाँव अशी. जुळत आले की लहर मंदावते आणि जुळले की थांबते. "कानावर विश्वास नसला तर लाकडावर हात ठेवा," तो म्हणाला होता. माझा माझ्या कानावर विश्वास होता. नको तितका होता.

मंडळाचे बुवा म्हणजे दहा एकर ऊसवाले बागायतदार. आवाज पहाडी आणि ताबा म्हशीवर असतो तितपत. ते गाता गाता कुठंही जायचे आणि मी पेटीवर त्यांना शोधत फिरायचो. पण गावात मला मान होता. कोण सुरात आहे आणि कोण नाही हे मी सांगायचं आणि मंडळानं ऐकायचं. ह्या मानाची मला फार गोडी लागली होती.

एकाहत्तरची लढाई होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. सुभेदार पेन्शनीवर गावी आले होते. ते सैन्यात वायरलेसवर होते. फौजेत जायच्या आधी मंडळाचे पहिले गाणारे तेच, आणि रामनवमीचा पाळणा दरवर्षी त्यांनीच म्हणायचा असा गावचा शिरस्ता होता. ते फौजेत गेल्यावर पाळणा बुवांकडं आला होता. आता सुभेदार परत आले, पण कान तिकडंच ठेवून. डावा कान तोफांच्या आवाजानं पार गेलेला, उजव्यात थोडी धुगधुगी. बोललेलं ते ओठांवरून निम्मंअर्धं ओळखायचे. गाणं मात्र ओठांवरून ओळखता येत नाही.

आल्या आल्या एका एकादशीला ते गायला बसले. आवाज अजून दमदार होता, पण पेटीचा स्वर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. ते एका बांधावरून आणि आम्ही दुसऱ्या बांधावरून चाललो होतो. पोरंटोरं हसली. बुवांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. आडवी. बुवांनी सुभेदारांच्या हातात टाळ दिले आणि मोठ्यानं म्हणाले, "गड्या, तू आता टाळ धर. लय झालं गाणं."

सुभेदारांनी टाळ घेतले. वर माझ्याकडं येऊन म्हणाले, "गुरुजी, तुमी खरं सांगितलंसा, बरं केलंसा. बाकीची मान्सं माझ्या घरचा च्या पितात, ती खरं कशाला बोलतील?"

त्यानंतर ते घरात खोकं बांधायला लागले.

त्या खोक्याची प्रगती सगळ्या गावानं पाहिली, म्हणजे सोसली. पहिल्या खोक्यातून एकच आवाज निघायचा, कानाशी डास आल्यासारखा. नुसती एक किणकिण. सुभेदारांना तो ऐकूच येत नव्हता, त्यामुळं त्यांनी ते चालूच ठेवलं आणि गल्लीतली कुत्री दोन दिवस अंगणात येऊन बसली. दुसऱ्या खोक्याला त्यांनी फिरवायचं बटण बसवलं. ते एका टोकाला नेलं की साखर कारखान्याचा भोंगा, दुसऱ्या टोकाला नेलं की विहिरीतला बेडूक. एकदा भर सकाळी भोंगा लागला आणि तीन माणसं कारखान्याची पाळी चुकली म्हणून सायकलवर टांग टाकून निघाली. तिसऱ्यात त्यांनी पडद्याची लांब स्प्रिंग ताणून बसवली. तिच्यातून आवाज गेला की देवळाच्या गाभाऱ्यात म्हटल्यासारखा घुमायचा. चौथ्यात मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटार आली. ती एक पितळी चकती फिरवायची, चकती एकामागून एक चार तारांना टेकायची आणि खोक्यातून पंचम, षड्ज, षड्ज आणि खालचा षड्ज असे स्वर क्रमानं निघायचे. तंबोराच की! मिरजेच्या कारागिरांना कळलं असतं तर त्यांनी भोपळे फोडून घेतले असते.

गावानं प्रत्येक आवाजाला नाव ठेवलं होतं. डास, भोंगा, बेडूक, गाभारा. चौथ्याला काय म्हणावं ते कुणाला सुचेना, कारण तो खरोखरच गोड होता.

आणि तो सुभेदारांना ऐकू येत होता. कानानं नव्हे. ते खोकं मांडीवर घ्यायचे, हनुवटी त्याच्या कडेवर टेकवायचे आणि आवाज जबड्याच्या हाडातून आत घ्यायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा खोक्याला पापा देतोय. त्यांची बायको चुलीपाशी बसून म्हणाली, "बघा गुरुजी, लगीन झाल्यापास्नं माज्याकडं कवा येवढं बघितलं न्हाई त्येनी." सुभेदारांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

मग त्यांनी मला मनातलं सांगितलं. येत्या रामनवमीला त्यांना पाळणा म्हणायचा होता. एकदाच, सगळ्या गावापुढं, सुरात. "टाळ कुटत मराया न्हाई मी," ते म्हणाले. "एक डाव म्हनू द्या. न्हाई लागला सूर, तर परत तोंड उघडायचा न्हाई. बुवाला सांगून ठिवलंय. हुकूम तुमचा."

बुवांनीही होकार दिला होता. पण जाता जाता मला म्हणाले, "गुरुजी, खोक्याचा सूर लय झ्याक हाय वो. भाता न्हाई, काय न्हाई. पुढं पेटीची गरज ऱ्हाईल असं वाटत न्हाई मला." सहज म्हणाले. ऊस विकायला काढावा तितकं सहज. मला रात्रभर झोप आली नाही. पेटी गेली तर मी काय राहणार होतो? वाईचा एक मास्तर, ज्याला कृष्णाकाठी नांगराचं एक टोकही धरता येत नाही.

मग एका संध्याकाळी मला खोक्याची खोड सापडली. मी सुभेदारांच्या घरी बसलो होतो. ते खोक्यावर हनुवटी टेकून आळवत होते. तेवढ्यात पलीकडची पिठाची गिरणी सुरू झाली. दिव्याचा उजेड पिवळा पडला आणि खोक्याचा सूर दमलेल्या माणसासारखा खाली बसला. चांगला अर्धा स्वर. गिरणी थांबली, दिवा उजळला, सूर वर आला. खोकं गावच्या विजेवर चालत होतं, आणि गावची वीज कशावर चालते हे कुणालाच माहीत नव्हतं. सुभेदार मात्र डोळे मिटून गातच होते. मला इतका आनंद झाला होता की ते त्या वेळी काय गात होते, सुरात कुठं होते, ह्याकडं मी लक्षच दिलं नाही.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो. नदीवर गावाच्या पाणीसंस्थेच्या तीन मोठ्या मोटारी होत्या. कुणाच्या उसाला कधी पाणी सुटायचं, ह्याचा पाळीचा कागद दर पंधरवड्याला निघायचा आणि तो लिहायचो मी, कारण माझं अक्षर चांगलं होतं. कागद चावडीच्या फळ्यावर लागला की तो ब्रह्मवाक्य. रामनवमीला दुपारी बाराचा जन्म आणि त्यानंतरचा पाळणा होईपर्यंत मोटारी बंद ठेवायच्या, हा जुना रिवाज. लोक देवळात असतात, पाणी धरायला कोण जाणार? कागदावर त्या दिवशी पहिली पाळी एकच्या पुढं असायची. मी ती बाराला लिहिली. त्या दिवशीची पाळी ज्याची होती तो माणूस मला भेटून म्हणाला, "गुरुजी, बाराला? आन् देव?" मी म्हणालो, "संस्थेचं ठरलंय." तो क्षणभर देवळाकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "देव काय, फुडल्या सालीबी जन्माला येतोय. पाळी कुठं येती?"

रामनवमी आली. देऊळ खचाखच भरलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे पाळणा, आणि पाळण्याशेजारी दोन गाद्या. एकीवर खोकं मांडीवर घेतलेले सुभेदार, नव्या धोतरात, छातीवर पदकं लावून. दुसरीवर मी आणि माझी पेटी. बुवांनी मला शेवटचं वाजवायला सांगितलं होतं, असं मला उगीच वाटत होतं. खोक्याचा सूर काळी दोनला लावला होता. मी पेटीची काळी दोनची पट्टी दाबून पाहिली. तंतोतंत.

बाराला जन्म झाला, गुलाल उधळला आणि सुभेदारांनी हनुवटी खोक्याला टेकवून पाळण्याला सुरुवात केली. मागं पंधरा-वीस माणसं झील धरायला. पहिलं कडवं गेलं. सुभेदार काठावर होते, कधी आत, कधी बाहेर. दुसरं कडवं गेलं. ते आत शिरले. बुवांच्या भुवया वर गेल्या. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर देवळातले दिवे पिवळे पडले.

नदीवर तीन मोटारी धडाधड सुरू झाल्या होत्या. खोकं कण्हलं. सूर घसरायला लागला. टेपरेकॉर्डरची मोटारही मंदावली, त्यामुळं लयही खाली बसली. मी मनात म्हटलं, आता पडणार. आता सुभेदार तिकडं आणि खोकं इकडं, आणि सगळं देऊळ हसणार.

कुणी पडलं नाही. सगळं मंडळ खोक्याच्या मागोमाग खाली उतरलं, बैल पाण्यावर उतरावेत तसं, रांगेनं आणि निमूट. आम्ही त्यांना आयुष्यभर शिकवलेलं काय होतं? सूर धरा, सूर सोडू नका. त्यांनी धरला होता. कुठं चाललाय हे विचारणं त्यांचं काम नव्हतं. पखवाजवाल्यानंही लय सैल सोडली. कुणाला काही वेगळं झालंय हे कळलंच नाही.

कळलं ते फक्त माझ्या पेटीमुळं. ती काळी दोनवर ताठ उभी होती आणि भसाभसा बेसूर वाजत होती. मी घाईनं खाली आलो, काळी एक दाबली. ती खालची निघाली. पांढरी दोन दाबली, ती वरची. खोकं त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसलं होतं, आणि पेटीला फटीत स्वर नसतात. मी वर-खाली हात मारत राहिलो. पुढच्या रांगेतल्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. बुवा वळून खेकसले, "गुरुजी, पेटी भिजली काय? बंद करा ती!"

मी भाता सोडला. हात मोकळे झाले, म्हणून ऐकायला लागलो. तेव्हा मला ऐकू आलं ते हे, की त्या घसरणाऱ्या खोक्याबरोबर, त्या फटीतल्या, कुठल्याही पट्टीत नसलेल्या सुरावर, सगळ्यांत नेमके जर कुणी होते तर ते सुभेदार. बाकीचे आसपास होते. हा माणूस बरोबर मधोमध उभा होता. दिवे लवले की लवत होता, उजळले की उजळत होता. अशा हलत्या सुरावर मी दोन परीक्षा देऊनही क्षणभर टिकलो नसतो. माझ्या अंगावर काटा आला. देवळात तो सूर कळणारा मी एकटा होतो.

पाळणा संपला, सुंठवडा वाटला. सुभेदारांना ऐकू काही आलं नव्हतं, पण दिसलं सगळं होतं. बायका हसताना दिसल्या होत्या, बुवा खेकसताना दिसले होते. चार माणसांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, पण ती चहा पिणारी माणसं. ते सरळ माझ्याकडं आले, खोकं काखेत मारून.

"गुरुजी, लागला का सूर?"

बुवा शेजारीच होते. त्यांनी एवढ्यातच मला सांगितलं होतं की पेटी आता घरीच ठेवा. मी सुभेदारांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणालो, "नाही लागला."

त्यांनी दोन्ही टाचा जुळवल्या. सवयीनंच असेल. "बरं," एवढंच म्हणाले आणि गेले.

बुवांना संगीत समजत नव्हतं तरी ते माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत होते. "मला तर बरा वाटला गड्याचा आवाज," ते म्हणाले. मी म्हणालो, "तुम्हाला काय कळतंय?" आणि पेटी उचलून घरी आलो. पेटी वाचली होती. तिला हात लावावासा वाटेना.

चार दिवसांनी शाळेत सुभेदारांची बायको आली. हातात टोपली, टोपलीत दोन स्पीकर, तारांचं भेंडोळं आणि ती पितळी चकती.

"ह्ये शाळंला द्या म्हनलंय त्येनी," ती म्हणाली. "पोरान्ला शिकाया हुईल. खोक्याच्या फळ्या म्या चुलीला घेतल्या असत्या, पन मला न्हाई जाळवल्या." मग टोपली खाली ठेवून म्हणाली, "आता टाळबी नगं म्हनत्यात. देवळात जात न्हाईत. नुसतं भितीकडं बगत बसत्यात. गुरुजी, खरंच येवढं वंगाळ झालं का वो त्यांचं गानं?"

मला कुणी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. मी शाळा सोडली, म्हणजे पोरं सोडली, आणि टोपली उचलून तिच्याबरोबर तशीच वाट धरली. वाटेत चावडीच्या फळ्यावरचा पाळीचा कागद फाडून घेतला.

सुभेदार खाटेवर बसले होते. मी समोर बसलो आणि ओठ नीट दिसतील असं सगळं सांगितलं. कागद दाखवला. बारा. माझं अक्षर. मोटारी मी लावल्या, खोकं मी पाडलं, आणि तुमचा सूर लागला होता, माझ्या आयुष्यात इतका लागलेला सूर मी ऐकला नाही, आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो.

बायको पहिली सुरू झाली. ती काय काय म्हणाली ते इथं लिहिता येत नाही. "वाटोळं केलंसा" हा त्यातला सगळ्यांत सभ्य शब्द. सुभेदारांनी हात वर करून तिला थांबवलं. कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"मोटारी लावल्यासा, ह्ये खरं," ते म्हणाले. "कागुद हाय. पन माजा सूर लागला, त्येचा कागुद कुठाय?"

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

"तवाबी तुमीच सांगितलंसा. आताबी तुमीच सांगताय. येक तर तवा खोटं बोललासा, न्हाईतर आता दया येऊन खोटं बोलताय. मला ऐकाया येत न्हाई, गुरुजी. म्या कुठल्या तुमच्यावर इस्वास ठिवू?"

ते रागानं बोलले असते तर मी पाय धरले असते. ते शांतपणे बोलले, वायरलेसवर निरोप परत मागावा तसे. मला एकदम रडू आलं. चाळीस पोरांना छडीनं गप्प बसवणारा मी, त्या घरात हुंदके देऊन रडलो. त्यांच्या बायकोनं वैतागून पाण्याचा तांब्या पुढं केला.

तांब्या खाली ठेवताना तो खाटेच्या लाकडावर थरथरला आणि मला मिरजेचा कारागीर आठवला. कानावर विश्वास नसला तर लाकडावर हात ठेवा.

मी टोपली त्यांच्यापुढं सरकवली. "परत बांधा," मी म्हणालो. "आजच. मला नका विचारू. हाताला विचारा." आणि ती लहरीची गोष्ट सांगितली. दोन स्वर जुळले नाहीत की लाकूड धडधडतं, जुळत आले की धडधड मंदावते, जुळले की थांबते.

सुभेदार टोपलीत हात घालायला गेले. मग कपाळावर हात मारून असे हसले की बायको घाबरली. "आयला! झीरो बीट!" ते ओरडले. "आवं गुरुजी, उभी नोकरी ह्येच केलं म्या! सेटवर टेशन लावायचं म्हंजे दुसरं काय आस्तंय? दोन शिट्ट्या येकावर येक आनायच्या, मधली धडधड मारायची! झीरो बीट! आन् येवढं ध्यानात न्हाई आलं माज्या?" मला कळलं ते एवढंच की हे शास्त्र त्यांना माझ्याआधी वीस वर्षं येत होतं. मी दोन परीक्षा पास झालेला गाढव.

खोकं संध्याकाळच्या आत उभं राहिलं. फळ्या चुलीत गेल्या नव्हत्या, त्याबद्दल मी त्या माउलीचा जन्मभर ऋणी आहे. ह्या वेळी आम्ही त्याला गावची वीज लावली नाही. बुवांच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली. बुवांनी कशाला हवी म्हणून विचारलं, तर मी खरं सांगितलं, सगळं. त्यांनी मला एक शिवी दिली आणि बॅटरी स्वतः उचलून आणली. दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

सुभेदारांनी चकती बंद ठेवली, एकच षड्ज लावला. खोकं छातीशी धरलं. उजवा तळवा त्याच्या फळीवर सपाट ठेवला. डोळे मिटले आणि आकार लावला.

मी जवळ बसलो होतो, म्हणून मला ऐकू येत होतं. ते थोडे वर होते. लहर जोरात होती, वाँव-वाँव-वाँव. त्यांच्या बोटांच्या शिरा हलताना दिसत होत्या. ते केसभर खाली आले. लहर लांबली. वाँव. वाँव. आणखी थोडे. आता दोन लहरींमधे एक श्वास जाईल इतकं अंतर. मग लहर राहिलीच नाही. खोकं आणि माणूस मिळून एकच आवाज झाला आणि तो त्या छोट्या घरात नुसता उभा राहिला. चुलीपाशी त्यांच्या बायकोनं हातातली पळी खाली ठेवली.

सुभेदारांनी डोळे उघडले आणि आपल्या तळव्याकडं पाहिलं.

मला राहवेना. मी पुढं वाकलो, ओठ नीट दिसतील असा, आणि "लागला" म्हणायला तोंड उघडलं.

त्यांनी डावा हात माझ्या तोंडापुढं धरला. आवाज न तोडता, सूर न हलवता. श्वास संपेपर्यंत तो हात तसाच होता.

मग म्हणाले, "तुमी गप बसा, गुरुजी. तुमाला इचारलं न्हाई."